काळ्या मातीतला शोषखड्डा: नगरविकास मंत्र्यांस खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजल संधारणाची सोय बंधनकारक करणारा नियम आपल्या विभागाचा आहे आणि तो योग्यच आहे. मात्र सोलापुरात हा नियम कागदोपत्री पाळूनही पाणी जमिनीत मुरत नाही, हे मी आमच्याच सोसायटीत पाहिले.

बांधकामाच्या वेळी आमच्याकडे सहा फुटांचा शोषखड्डा खणला गेला, त्यात विटांचे तुकडे व वाळू भरली गेली आणि छायाचित्र जोडताच भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. खड्डा सबंध काळ्या मातीत होता. ही माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी वरच साचून राहते; आमच्या खड्ड्यातले पाणी दिवाळीपर्यंत हटले नाही आणि डासांना कंटाळून रहिवाशांनी तो बुजवला. आपल्या भागातला काळा पाषाण मुळात पाणी धरत नाही. ते धरतो त्यावरचा मुरूम आणि खडकातल्या फटी. पुढे आम्ही जाणकारांना विचारून, आटलेल्या बोअरभोवती मुरूम लागेपर्यंत खणले, वाळू-खडीचे थर दिले आणि केवळ गच्चीचे पाणी तिथे सोडले. (रस्त्यावरचे तेलकट पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये.) एप्रिलमध्ये कोरडी पडणारी ती बोअर मागच्या उन्हाळ्यात मेअखेरपर्यंत चालली. एका वर्षावरून मोठा दावा करणे बरे नव्हे, पण हिशेब सोपा आहे: 600 मिलिमीटर पावसात 100 चौरस मीटर गच्चीवर 60,000 लिटर पाणी पडते, आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी 48,000 लिटर उरते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे पाणी गटारात जाताना पाहवत नाही.

म्हणून विनंती अशी, की भोगवटा प्रमाणपत्र देताना छायाचित्रावर न विसंबता खड्डा मुरमापर्यंत पोचला आहे का हे प्रत्यक्ष पाहावे, जागेच्या निवडीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला अनिवार्य करावा आणि दर मे महिन्यात गाळणथरांची तपासणी व्हावी. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरचा, तेव्हा ऑगस्टअखेर त्यांची पुन्हा एकदा सफाई व्हावी.

सुरुवात शाळा व शासकीय कार्यालयांच्या इमारतींपासून करता येईल. आमच्या सोसायटीतील बुजवलेला खड्डा आणि नवा खड्डा, दोन्ही आपल्या अधिकाऱ्यांना दाखवण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत.

आपला विश्वासू,
सोलापूरचा एक रहिवासी