गावात घालवलेले तासही मोजा, मंत्रीमहोदय

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यात राहतो. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवली आणि त्यातली 9 वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहिले. आता निवृत्त आहे. गावातले एक छोटे वाचनालय संध्याकाळी उघडणे आणि बंद करणे एवढेच काम माझ्याकडे उरले आहे. हे पत्र त्या वाचनालयात बसूनच लिहितो आहे.

2021 च्या जुलैत म्हादईला पूर आला, तो आपल्याला आठवत असेल. नदीकाठच्या गावांत मातीच्या भिंती बसल्या, चुलीपर्यंत गाळ आला, गोठ्यातली जनावरे सोडवायलाही काही ठिकाणी वेळ मिळाला नाही. तेव्हा कोविडमुळे वर्ग बंद होते, मुले आपापल्या घरी होती. मी कुणालाही बोलावले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या युनिटमधली 11 मुले फावडी आणि घमेली घेऊन वाड्यावर उभी होती. 4 दिवस ती तिथेच राबली. एका म्हातारीच्या घरातून गाळ काढला, शाळेच्या कपाटातली भिजलेली पुस्तके पडवीत दोरीवर वाळत घातली, विहीर उपसली. एकीने तर प्रत्येक घरात कोण कुठली गोळी घेतो ते वहीत लिहून काढले, कारण औषधे वाहून गेली होती आणि वयस्क माणसांना नावे सांगता येत नव्हती. ही वही पुढे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना फार उपयोगी पडली.

वर्षअखेरीस मी त्या मुलांचे सेवेचे तास मंजुरीसाठी पाठवले. कागद परत आला. कार्यक्रमाची पूर्वपरवानगी जोडलेली नाही, फलकासह छायाचित्रे जोडलेली नाहीत. मी मुलांना विचारले, निदान एखादा फोटो तरी आहे का? ती गोळ्यांची वही लिहिणारी मुलगी म्हणाली, “सर, हात गाळात होते. फोटो कोण काढणार?”

कोणत्या कार्यालयाने कागद परत केला ते मी लिहीत नाही. तिथल्या माणसाने नियमाप्रमाणेच काम केले होते. म्हणूनच हे पत्र त्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

याच युनिटला त्यानंतरच्या वर्षी एका सभागृहातल्या कार्यक्रमासाठी 50 मुले पाठवायला सांगितले गेले. बस आली, टोप्या आल्या, मुले सकाळी 9 पासून दुपारी 2 पर्यंत खुर्च्यांवर बसली, पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या आणि परत आली. त्या दिवसाचे 5 तास प्रत्येकाच्या नावावर विनातक्रार चढले. फलक होता, फोटो होता.

मला आपल्याला सांगायचे आहे ते एवढेच: विद्यार्थी स्वतःच्या गावात जे काम करतो ते सेवेत मोजले जावे, आणि खुर्च्या भरणे मोजले जाऊ नये.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. ‘मी नव्हे, तुम्ही’ हे तिचे ब्रीद. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास द्यायचे, दोन वर्षांत 240, आणि एक 7 दिवसांचे निवासी शिबिर करायचे. या 120 तासांची जी वाटणी मूळ पुस्तिकेत केली आहे ती मला आजही शहाणपणाची वाटते: साधारण 20 तास ओळख आणि तयारीसाठी, महाविद्यालयाच्या आवारातल्या कामासाठी 30 पर्यंत, आणि उरलेले 70 तास समाजात. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळ विद्यार्थी आवाराबाहेर, माणसांत असावा असेच योजना आखणाऱ्यांना अभिप्रेत होते. प्रत्यक्षात काय होते? आवारातली झाडलोट, दिनविशेषांच्या मिरवणुका, शपथा, व्याख्याने यांतच वर्ष सरते. 70 तासांचा रकाना मार्चमध्ये घाईघाईने भरला जातो. मीही तो तसा भरला आहे, आणि त्याची मला खंत आहे.

शहरात संधी नाहीत असे मी म्हणणार नाही. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून पणजीत भरतो. 2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांसाठीचा महोत्सव, झाला. अशा सोहळ्यांना शेकडो तरुण हात लागतात आणि त्यातून मुले खरोखर शिकतात. दिव्यांग व्यक्तींच्या एका कार्यक्रमाला आमची काही मुले जाणार होती, तेव्हा एका जाणत्या माणसाने त्यांना आधी दोन तास दिले. अंध माणसाचा हात धरून त्याला ओढायचे नाही, आपले कोपर पुढे करायचे, ते त्याला धरू द्यायचे. चाकाच्या खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण ज्याची खुर्ची आहे त्याला ती आपल्या शरीराचाच भाग वाटते. ते दोन तास मुले अजून विसरलेली नाहीत. माझ्या मते असे शिकवणे झाल्याशिवाय कुठल्याच विद्यार्थ्याला कुठल्याच कामाला पाठवू नये.

पण यातले जवळजवळ सगळे पणजीत, किंवा ताळगावच्या पठारावर विद्यापीठात. वाळपईच्या पुढचा, सांगे-नेत्रावळीचा, काणकोणच्या आतल्या भागातला विद्यार्थी तिथे पोचतो कसा आणि परततो कसा? कार्यक्रम संध्याकाळी 7 ला संपतो तेव्हा आमच्याकडे येणारी शेवटची बस निघून गेलेली असते. मुलगा एखाद्या मित्राच्या खोलीवर झोपतो. मुलगी पुढच्या वेळी नावच देत नाही. घरचे नको म्हणतात आणि मला त्यांचा राग येत नाही. स्वयंसेवक निवडताना ‘आत्मविश्वास असलेली मुले’ हवीत असे आयोजक सांगतात. तो आत्मविश्वास बहुतेक वेळा ज्यांचे घर पणजी, म्हापसा, मडगावात आहे त्यांच्याकडेच सापडतो, कारण त्यांना आधीच्या 10 कार्यक्रमांना जाता आलेले असते.

आता काणकोणचे पाहा. गालजीबाग आणि आगोंदच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, पेडण्यात मोरजी आणि मांद्र्यालाही येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पिल्ले बाहेर यायला साधारण 50 दिवस लागतात. इतके दिवस कुत्र्यांपासून, पायांपासून, झगमगत्या दिव्यांपासून ती जागा राखावी लागते, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात. वनखात्याची माणसे आणि गावातले तरुण हे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्या गावांतली मुले महाविद्यालयात शिकतातच की! पण त्यांना सेवेचे तास मिळतात ते सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, किनारा स्वच्छतेच्या दिवशी, मोठ्या किनाऱ्यावर फलक धरून उभे राहिल्याबद्दल. फेब्रुवारीच्या थंडीत आपल्याच गावच्या वाळूत रात्र काढल्याबद्दल मिळत नाहीत. स्वच्छता दिन वाईट नाही. पण कासवाला सप्टेंबरात माणूस लागत नाही, फेब्रुवारीत लागतो.

खाजन शेतीचेही, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतीचेही, तसेच. मांडवी-जुवारीच्या काठची कितीतरी गावे बांध आणि मानस, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारे दरवाजे, यांच्या जिवावर उभी आहेत. मानशीचे दार भरती-ओहोटीबरोबर कधी मिटते, बांधाला खेकड्याची बिळे पडली तर काय करायचे, खारे पाणी एकदा शेतात शिरले की पीक किती वर्षे हातचे जाते, हे जाणणारी माणसे आता वयाने सत्तरीपार आहेत. भूगोल किंवा वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी अशा एका माणसाबरोबर वर्षभर दर रविवारी बांधावरून चालायचे ठरवले, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे ते मला कळत नाही. आजच्या नमुन्यात तसा रकाना नाही.

नवे शैक्षणिक धोरण आपल्याकडे पदवीला 2023-24 पासून लागू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत समाजातल्या कामाचे 30 तास म्हणजे एक श्रेयांक (क्रेडिट) असा हिशेब दिलेला आहे. म्हणजे दार उघडे आहे. आपण एक परिपत्रक काढले तरी पुष्कळ होईल. विद्यार्थ्याने आपल्या गावात केलेले काम तिथल्या वाचनालयाने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी, पंचायत सचिवांनी, वनरक्षकांनी किंवा आरोग्य केंद्राने दैनंदिनीत सही करून प्रमाणित केले, तर महाविद्यालयाने ते तास धरावेत. आपत्तीच्या वेळी पूर्वपरवानगीची अट नसावी. उद्घाटन, सत्कार, भाषण यांना प्रेक्षक म्हणून बसणे हे सेवेचे तास नव्हेत, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहावे. मग तो सरकारी कार्यक्रम असला तरीही, किंबहुना सरकारी असला तर आधी. आणि जिथे पणजीला जायचेच आहे तिथे येण्याजाण्याचे भाडे आयोजकाने द्यावे, रात्र होणार असेल तर घरापर्यंत गाडीची सोय करावी.

गावात खोटे दाखले मिळतील, ही शंका मी अनेक बैठकांत ऐकली आहे. मिळतीलही काही. पण 191 पंचायतींच्या या छोट्या राज्यात कोण खरेच येतो आणि कोण सहीपुरता येतो हे गावाला बरोबर माहीत असते. कार्यक्रम अधिकाऱ्याने सत्रात एकदा जाऊन दोन माणसांशी बोलावे, तेवढ्यात कळते. फलकाच्या फोटोवरून मात्र काहीच कळत नाही. फोटो काढून झाल्यावर झाडू टाकून निघालेली मुले मी स्वतः पाहिली आहेत.

आणखी एक विनंती आहे, वरवर किरकोळ वाटेल अशी. रक्तदान शिबिरांचे सर्व महाविद्यालयांचे मिळून एकच वेळापत्रक उच्च शिक्षण संचालनालयाने जूनमध्ये करावे. आज ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, दिनविशेष गाठून, सगळ्यांची शिबिरे एकमेकांवर आदळतात. साठवलेले रक्त साधारणपणे 35 दिवस टिकते, प्लेटलेट तर अवघ्या 5 दिवस. एकदा रक्त दिलेला मुलगा 3 महिने आणि मुलगी 4 महिने पुन्हा देऊ शकत नाही. मग एप्रिल-मेमध्ये, परीक्षा आणि सुट्टीत, बांबोळीच्या रुग्णालयात नातेवाईक रक्तदाता शोधत फोन लावत बसतात. मलाही असे फोन आले आहेत. माझ्या जुन्या यादीतली मुले मे महिन्यातही आली, फक्त त्यांना कुणी वेळेवर विचारायला हवे होते. सुट्टीसाठी तालुक्यातालुक्यात इच्छुकांची यादी असली तर ते सहज होईल.

आमच्या वाचनालयात सध्या दर शनिवारी दोघे विद्यार्थी येतात, एक वाणिज्य शाखेचा आणि एक विज्ञान शाखेची. वाड्यावरच्या चौथी-पाचवीच्या मुलांना ते 4 ते 6 वाचायला बसवतात. सुरुवातीला 3 मुले यायची, परवा 14 होती. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत तरी ही दोघे येणार नाहीत असे मला वाटले होते, पण माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या छताचे, सामान घरी पोचवून ती आली. त्यांचे आतापर्यंत 46 तास झाले आहेत. महाविद्यालयाच्या नोंदीत त्यातला एकही नाही. तारीख आणि वेळेसह सगळे माझ्या वहीत लिहिलेले आहे. आपण सांगाल त्या दिवशी ती वही घेऊन मी पर्वरीला येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक,
सत्तरी, गोवा