भुताला अंधार हवा, आम्हाला प्रोजेक्टर

सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात वाचनालयाच्या सभागृहात आमच्या चित्रपट मंडळानं 'ब्रमयुगम' लावला. राहुल सदाशिवनचा 2024 चा मल्याळम भयपट, अख्खा कृष्णधवल. पडक्या वाड्यात दिव्याच्या उजेडात मामुटी बसलेला, आणि आमच्या पडद्यावर दिसतंय काय, तर राखाडी धुरळा. प्रोजेक्टरचा लॅम्प म्हातारा झालाय, त्यात झरोक्यातून रस्त्यावरचा दिवा थेट आत. शेवटच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "भूत कुठल्या बाजूला आहे तेवढं सांगा, म्हणजे तिकडे बघते." सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी जाताना वाईट वाटलं.

म्हणून नव्या प्रोजेक्टरसाठी हे आवाहन.

येत्या हंगामासाठी चार चित्रपट ठरलेत. पहिला अर्थात 'तुंबाड'. गाव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं. 2018 साली आला तेव्हा थिएटरं भरली नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. तो पाऊस, तो कंदिलाचा उजेड मोबाइलवर पाहिला असेल, तर आमच्या मते तुम्ही तो पाहिलेलाच नाही.

थरारपटात मल्याळम 'किष्किंधा कांडम'. निवृत्त लष्करी माणूस, निवडणुकीमुळे जमा करायचं पिस्तूल आणि ते घरात सापडेना. पुढचं सांगणार नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनीही कृपया सांगू नये.

प्रेमकथेवरून कार्यकारिणीत चांगलंच वाजलं. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मराठीच चित्रपट. वडिलांच्या सुतकात दहा दिवस गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, या दोन पुरुषांची ही गोष्ट. "आपल्याकडे चालेल का?" असं दोघांनी विचारलं. मतदान झालं, चित्रपट यादीत राहिला. कुजबूज होईल, होऊ दे.

माहितीपट 'ऑल दॅट ब्रीद्स', शौनक सेनचा. दिल्लीच्या विषारी हवेतून खाली पडणाऱ्या घारींवर तळघरात उपचार करणारे दोन भाऊ. माहितीपट म्हटलं की आपल्याकडे जांभया सुरू होतात, पण या घारी झोपू देणार नाहीत.

आता पैशांचं. प्रोजेक्टर, झरोक्यांना जाड काळे पडदे आणि चारही चित्रपटांच्या रीतसर परवानग्या मिळून 90 हजार रुपये लागतील. मंडळाकडे 22 हजार आहेत. कुणीतरी चित्रपट परवानगीशिवायच पेनड्राइव्हवर आणून देतो म्हणालं. ते आम्ही करणार नाही.

शंभर रुपयेही चालतील. वाचनालयाच्या टेबलावर द्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनी गणपतीला याल तेव्हा दिले तरी चालेल, फक्त आधी कळवा, म्हणजे ऑर्डर देता येईल. जमाखर्च दर शनिवारी फळ्यावर लागेल.

पैसे जमत नसतील तर दोन कामं आहेत. इंग्रजी सबटायटल भराभर वाचणं अनेकांना जड जातं. मल्याळम चित्रपटाचा पानभर मराठी गोषवारा लिहून देणारं कुणी हवंय, शेवट न फोडता. आणि पडदे शिवायला शिलाई मशीनवाल्या दोघी-तिघी. कापड आम्ही आणतो, चहा आजींकडे.

आपले,
वाचनालयाचं चित्रपट मंडळ