छोट्याचं पुस्तक परत पाठवताना

प्रिय मनू,

प्रभू तुला आणि छोट्याला सांभाळो.

तू रविवारी प्रार्थनेलाही न थांबता गेलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू गप्प होतेस, आणि तुझं ते गप्प होणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणून लिहिते आहे. सांगायचं इतकंच की छोट्याचं ते हॅरी पॉटरचं पुस्तक सुखरूप आहे. मी ते जाळलेलं नाही. जाताना दारातून तू कपाटावर जी नजर टाकलीस, ती मला कळली होती.

त्याच्या दप्तरात मी हात घालायला नको होता. त्याबद्दल त्याची माफी मी स्वतः मागेन, तू मध्ये पडू नकोस. पण ते का काढून घेतलं, हे त्या भांडणात राहूनच गेलं. तू आत भावाशी बोलत होतीस. छोटा पप्पांच्या खोलीत गेला तो बराच वेळ बाहेर येईना, म्हणून बघायला गेले. कपाटाच्या आरशाला दोन्ही तळवे टेकवून, नाक काचेला लावून तो उभा होता. मला म्हणाला, "आजी, हलायचं नाही हं. नीट बघितलं की मागे आजोबा दिसतात. पुस्तकात हॅरीला आरशात त्याचे आईबाबा दिसतात ना, तसे." माझ्या पायांतलं बळच गेलं. पप्पा जाऊन वर्षही झालेलं नाही, मनू. तुला कसं सांगू, एक क्षण मीसुद्धा आरशात पाहिलं.

मला भीती वाटते ती याची. उडत्या झाडूंची नाही. शास्त्रात, बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात, जादूटोणा, शकुन, मंत्रतंत्र असं सगळं मना केलं आहे आणि त्या यादीच्या शेवटी मेलेल्यांना विचारणारा येतो. शौल राजा मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे रात्री वेष पालटून गेला, तो काही राक्षस नव्हता. संदेष्टा शमुवेल गेलेला, देव उत्तर देत नाही, समोर शत्रू पलिष्टी उभे. घाबरलेला, एकटा माणूस होता तो. एकटं माणूसच अशा दारावर जातं. छोटा रात्री एकटा झोपतो का गं?

आता तू म्हणशील, आई परत तिथेच आली. तुझ्या लहानपणी मी हेच केलं, हे मला माहीत आहे. तेव्हा मी एकटीच असं मानत होते असं नाही, एवढं तरी लक्षात घे. 1999 साली अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघटनेकडे सर्वाधिक तक्रारी या हॅरी पॉटरच्याच होत्या, आणि पुढे 2000 ते 2009 या दशकाच्या यादीतही तो पहिलाच राहिला. कार्डिनल रात्झिंगर, जे 2005 साली पोप झाले, त्यांनी 2003 मध्ये एका जर्मन लेखिकेला लिहिलं होतं की हे मोह सूक्ष्म असतात, मुलाच्या मनात विश्वास नीट रुजायच्या आत ते काम करून जातात. आपण कॅथलिक नाही, तरी ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात बाळगलं. मुलाच्या मनात काय रुजतंय, ते आईला दिसत नाही. आईला फक्त दप्तर दिसतं.

2001 संपता संपता, 30 डिसेंबरला, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोत एका चर्चच्या मंडळीने ही पुस्तकं जाळली. आपल्याकडे उपासनेनंतर त्याबद्दल झेरॉक्स वाटला गेला. घरी येऊन मी तुझं टेबल आवरायला घेतलं. तपकिरी कव्हर घातलेलं पुस्तक, कोपरे अगदी टोकदार दुमडलेले, आणि लेबलवर तुझं ते गोल अक्षर : भूगोल, इयत्ता सहावी. डिंक अजून ओला होता, लेबल माझ्या अंगठ्याला चिकटून आलं. पुस्तकाच्या विषयापेक्षा मला ते लेबल जास्त झोंबलं. माझी मुलगी मला फसवते! तू रडली नाहीस, भांडली नाहीस. "शेवटचं प्रकरण राहिलंय, तेवढं वाचू दे," एवढंच म्हणालीस. मी दिलं नाही. पप्पा दारात उभे होते, तेही काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी, ऑपरेशनच्या आदल्या रात्री, मला म्हणाले, "ते एक प्रकरण द्यायला हवं होतं."

अलामोगोर्डोच्या त्या पाळकांनी पुस्तकं वाचलेलीच नव्हती, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मीही वाचलं नव्हतं. या नऊ दिवसांत छोट्याचं पुस्तक मी वाचलं. इंग्रजी मला सावकाश वाचावं लागतं, तुला माहीत आहे. आरशाचं प्रकरण तीनदा वाचलं. तो पोरगा रात्रीमागून रात्र त्या आरशापुढे जाऊन बसतो, आणि मग तो म्हातारा हेडमास्तर त्याला सांगतो की या आरशात ना ज्ञान आहे ना सत्य, याच्यापुढे बसून माणसं झिजून गेली, आता हा दुसरीकडे हलवणार आहोत आणि तू याला शोधायला जाऊ नकोस. हे मी छोट्याला सांगायला हवं होतं. मी मात्र पुस्तक ओढून घेतलं, आणि तो त्या आधीच्याच पानावर अडकून राहिला. त्याची खूण तिथेच होती, मनू. हेडमास्तर बोलतो त्याच्या चार पानं आधी.

म्हणजे माझं मत सगळंच बदललं असं समजू नकोस. नार्नियाच्या गोष्टींवरून तू माझ्याशी पूर्वीही वाद घातलास, की 1950च्या त्या पुस्तकाच्या नावातच चेटकीण आहे आणि ते मात्र रविवारच्या शाळेच्या कपाटात चालतं. चालतं, कारण तिथे जादू मुलांच्या हातात नाही, ख्रिस्ताचं रूप असलेल्या सिंहाच्या हातात आहे. इथे मुलं शाळेत जाऊन ती शिकतात. हा फरक मला आजही मोठा वाटतो. पण एक गोष्ट वाचल्यावर कळली आणि ती न सांगणं खोटेपणा होईल. मी घाबरले होते तशी भुताखेतांची आळवणी त्यात नाही. मुलं कांडी फिरवतात, शब्द म्हणतात, चुकतात, परत घोकतात. शास्त्र ज्याच्याविरुद्ध बोलतं ते कुणाला तरी हाक मारणं आहे, कुणाच्या तरी स्वाधीन होणं आहे. कांडीची मला आता तितकी धास्ती नाही. आरशाची आहे.

आणखी एक. तुझ्यासमोर मी नेहमी इफिस शहराचा दाखला द्यायचे, बायबलमधली प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19. जादूची पुस्तकं सगळ्यांसमोर जाळली, त्यांची किंमत 50,000 चांदीची नाणी भरली. परवा तो उतारा परत उघडला. ती पुस्तकं ज्यांनी आणली ते स्वतः ती विद्या करणारे होते. त्यांनी आपापली पुस्तकं आणली. कुणी लेकराच्या टेबलावरचं उचलून आणलं, असं तिथे लिहिलेलं नाही. इतकी वर्षं वाचते आहे, कधी दिसलं नाही.

शनिवारी तुझी जुनी ट्रंक उघडली. रागावू नकोस, कुलूप नव्हतं. स्वेटरांखाली सातही पुस्तकं निघाली, सगळ्यांना तपकिरी कव्हर. भूगोल, नागरिकशास्त्र, बीजगणित... आणि पहिल्यावर परत भूगोलच. जे मी जाळलं तेच तू पुन्हा आणलंस आणि त्याच नावाने ठेवलंस. मी जमिनीवर बसून राहिले. सातवं 2007 चं, म्हणजे तेव्हा तू सतरा वर्षांची. सहा वर्षं, मनू. या सहा वर्षांत तू आणखी काय काय कव्हर घालून ठेवलंस, आणि मला काय काय सांगितलं नाहीस, हे मी विचारणार नाही.

भांडताना तू ओरडून म्हणालीस, सातव्यात कबरीवर वचन आहे, जाऊन बघ. पाहिलं. नाताळची आदली रात्र, चर्चमधून गाणी ऐकू येतात, आणि तो आपल्या आईवडिलांच्या कबरीपाशी पहिल्यांदा उभा राहतो. वर कोरलेलं आहे, शेवटचा शत्रू जो नाहीसा केला जाईल तो मृत्यू. कुठलं वचन, ते छापलेलं नाही. पण मला सांगायची गरज नव्हती. करिंथकरांस पहिलं पत्र, 15वा अध्याय. पप्पांना मातीत ठेवताना पाळकांनी हाच अध्याय वाचला. मी तुझा हात धरला होता आणि तू ओठांतल्या ओठांत ते वाक्य त्यांच्या आधी म्हणालीस. मला तेव्हा इतका अभिमान वाटला. म्हटलं, सगळं काही वाया गेलेलं नाही, रविवारच्या शाळेतलं हिला अजून पाठ आहे. आता कळेना झालंय की ते तुला तिथून पाठ होतं की ट्रंकेतून. दोन दिवस याचं मला फार वाईट वाटलं. आज तितकं वाटत नाही. त्या क्षणी ते तुझ्या तोंडी होतं आणि माझा हात तुझ्या हातात होता.

छोट्याला वाचू दे. पण त्याच्या शेजारी बस. नुसतं खोलीत नव्हे, शेजारी. मधेच थांबून विचार, यातलं खरं काय वाटतं, भीती कशाची वाटते. झोपताना प्रार्थना चुकवू नकोस, आणि... बघ, झालं माझं सुरू. सोड. तू त्याची आई आहेस आणि माझ्यापेक्षा धीराची आहेस, हे मी पप्पांजवळ कितीदा बोलले आहे, तुझ्याजवळ एकदाही नाही.

पुस्तक यासोबतच आहे. त्याची खूण होती तिथेच ठेवली आहे. कोपरे फाटायला लागले होते, म्हणून कव्हर घातलं आहे, आणि लेबलवर पुस्तकाचं खरं नाव लिहिलं आहे, माझ्या अक्षरात.

तुझी,
आई

ता. क. आरशावरचे त्याच्या तळव्यांचे ठसे मी अजून पुसलेले नाहीत. त्याच्या खोलीत आरसा आहे का? असला तर काढू नकोस, नाहीतर त्याला वाटेल त्यात खरंच काही आहे. फक्त संध्याकाळी एकदा त्याच्याबरोबर त्यापुढे उभी राहा.