भट्टीवाल्या मामांचं पद काय लिहू?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परिषदेला जाऊन आलेल्या मंडळींचे फोटो आपल्या अंकात अधूनमधून येतात. गळ्यात फीत, खांद्याला फुकटात मिळालेली पिशवी, मागे मोठा फलक. तसा एक फोटो आम्हीही काढला. त्यात आम्ही तिघंच दिसतो, कारण चौथ्याच्या हातात मोबाइल होता. हे पत्र त्या चौथ्याबद्दल आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, १९ वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात कोईमतूरला आमच्या धंद्यातल्या लोकांची दोन दिवसांची परिषद आणि प्रदर्शन होतं. आमच्याकडून चौघं जायचे होते. ऐनवेळी एका साहेबांच्या घरी साखरपुडा निघाला. नोंदणीचे पैसे परत मिळणार नव्हते, ते वाया कशाला घालवायचे म्हणून आमच्या भट्टीवाल्या मामांना पाठवायचं ठरलं. थोडक्यात, मामांना निवडलं कुणीच नव्हतं, ते उरलेल्या जागेवर आले. आम्हा तिघांचं तिकीट एसीचं, त्यांचं तत्काळमधून स्लीपरचं.

बेळगावहून रात्रीची बंगळूर गाडी पकडली. लोंढ्यापर्यंत मी मामांच्याच डब्यात बसले होते. त्यांनी घरून भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, आणि माझ्या पिशवीत होता चार किलोचा लोखंडी तुकडा. एका गिऱ्हाइकाकडून परत आलेली व्हॉल्व्ह बॉडी आम्ही मधोमध कापली होती. मशिनिंग केलेल्या तोंडावर खसखस सांडावी तशी बारीक भोकं, म्हणजे पिनहोल. परिषदेत कुणा जाणकाराला दाखवू म्हणून बरोबर घेतली होती. (गुंडाळली होती तुमच्याच रविवारच्या पुरवणीत, रागावू नका.)

मामांनी तुकडा उजेडात धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे लॅडलचं काम हाय वो मॅडम. लॅडल नवीन लिपलं की पहिलं लोखंड जरा उसळतंय. मी सांगितलंय की मागं. खरं, सगळे म्हणाले वाळू बघा."

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं भांडं, आणि लिपणं म्हणजे त्याला आतून अस्तर लावणं. वाळू बघा म्हणणाऱ्यांत मीही होते. त्या महिन्यात मी साच्याच्या वाळूतला ओलावा दिवसातून चारदा मोजत होते. साडेतीन टक्के, रोज अगदी बरोबर. बेळगावचा पाऊस आणि कासार्डे-फोंड्याकडून येणारी ओली वाळू यांना नावं ठेवायची आमच्याकडे सवयच आहे. मी मान हलवली आणि विषय तिथंच सोडला.

बंगळूर स्टेशनच्या स्कॅनरमध्ये तो तुकडा अडकला. पोलिसानं विचारलं, हे काय? मामा कन्नडमध्ये म्हणाले, "इदु नम्म तप्पु, सर." ही आमची चूक आहे. पोलीस हसला आणि जाऊ दिलं.

पहिला दिवस व्याख्यानांचा, सगळी इंग्रजीत. व्याख्यानं वाईट होती असं मी म्हणणार नाही. साच्यात लोखंड कसं पसरतं ते संगणकावर आधीच बघण्याबद्दलचं एक तर फार चांगलं होतं. मामा मागच्या रांगेत गार हवेत डुलक्या घेत होते. त्यांना दोष कसा द्यायचा? मला कुणी दोन दिवस तमिळमधून पाकशास्त्र शिकवलं असतं तर मीही झोपले असते.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मात्र ते जागे झाले. लॅडलच्या आतल्या अस्तराचा माल विकणाऱ्या एका स्टॉलवर साठीचा एक तमिळ कारागीर प्रात्यक्षिक दाखवत होता. त्याला मराठी येत नव्हती, कन्नड नाही, हिंदीही जेमतेम. मामांनी पुरवणी उलगडून तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं एका भोकावर नख टेकवलं, दोन्ही हातांनी हवेत लॅडलचा आकार काढला, आतून तळवा फिरवला आणि म्हणाला, "तण्णी." कन्नडमध्ये गार पाण्याला तण्णीरु म्हणतात, त्यामुळे मामांना शब्द लगेच कळला. मग त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून भुवया उडवल्या. लॅडल किती वेळ शेकता? मामांनी अर्धं बोट दाखवलं, अर्धा तास. कारागीर खो खो हसला आणि त्यानं दोन पूर्ण बोटं वर केली.

अस्तर वरून लाल दिसतं, पण पोटात पाणी असतं. त्यात चौदाशे अंशांचं लोखंड ओतलं की पाण्यातला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि लोखंड थिजताना कातडीखाली बुडबुडे धरतो. वरून माल गुळगुळीत. गिऱ्हाइकाच्या मशीनवर कातडी निघाली की भोकं उघडी पडतात. हे सगळं माझ्या वहीत आदल्या दिवशीच्या व्याख्यानातून उतरलेलं होतं. फक्त आमचं लॅडल अर्धाच तास शेकलं जातं, हे वहीला ठाऊक नव्हतं. कारागिराला आम्ही बेळगावचा कुंदा दिला. त्यानं तो तिथंच उघडून शेजारच्या स्टॉलवाल्यांनाही वाटला.

परत आल्यावर मी हीट नंबर, म्हणजे कुठला नग कुठल्या ओतकामाचा याच्या नोंदी, काढून बसले. पिनहोलसाठी परत आलेल्या ३८ नगांपैकी ३१ लॅडल लिपल्यानंतरच्या पहिल्या ओतकामाचे निघाले. आता बर्नर दोन तास चालतो. गॅसच्या बिलावरून कुरकुर झाली, पण त्या गिऱ्हाइकाची पिनहोलची तक्रार त्यानंतर आलेली नाही.

आणि महिनाअखेरीस मामांचं हजेरीपत्रक आलं. आम्हा तिघांच्या नावापुढे कामावर, मामांच्या नावापुढे रजा. ऑफिसात मला तीन खेपा घालाव्या लागल्या, तेव्हा ते दुरुस्त झालं.

प्रत्येक परिषदेला सगळी भट्टी उचलून न्या, असं माझं म्हणणं नाही. पण चार जण जात असतील तर एक जागा लोखंडाजवळ उभं राहणाऱ्याची असावी, आणि ती आधीपासून ठरलेली असावी, कुणाच्या साखरपुड्यावर अवलंबून नको. दुसरं, परिषदेहून आलेल्यांनी उद्यमबागेत किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना तासभर बसून सांगावं, मराठीत आणि कन्नडमध्ये. भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात, पण शॉपवर दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात. तिथं कुणी भाषांतर मागत नाही. आपल्या उद्योजक संघटनांनी एवढं मनावर घ्यावं.

पुढच्या परिषदेचा ऑनलाइन फॉर्म आला आहे. या वेळी मामांचं नाव मी पहिलं भरायला घेतलं. पदाच्या रकान्यात पाचच पर्याय आहेत: मालक, संचालक, व्यवस्थापक, अभियंता, विद्यार्थी. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. दोन दिवस झाले, तो तिथंच अडकून आहे.

आपली,
क्वालिटी विभागातील एक वाचक
अनगोळ, बेळगाव