पोटॅशियम मोजणारी लॅब रात्री कुलपात का असते?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सा. न. वि. वि.

साहेब, मी सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळते. परवा पहाटे तीनला माझा सोळा वर्षांचा मुलगा पुन्हा ओंडक्यासारखा पडला. शुद्ध पूर्ण, हातपाय मात्र हलेनात. आजाराचं नाव हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस; रक्तातलं पोटॅशियम उतरलं की हातपाय लुळे पडतात. "आई, कूस बदलून दे," म्हणाला.

पहिल्यांदा झालं ते गड्ड्याच्या यात्रेत. दिवसभर नंदीध्वजांमागे चालला, रात्री चार शेंगापोळ्या खाऊन झोपला. सकाळी पायांत जीव नाही. दवाखान्यात म्हणाले, अभ्यासाचं टेन्शन, नाटक करतोय. वर ग्लुकोजचं सलाईन लावलं. या आजारात साखरेनं रक्तातलं पोटॅशियम आणखी उतरतं, हे मला, सातवी शिकलेल्या बाईला, आता ठाऊक आहे. तेव्हा लावणाऱ्यांना नव्हतं. थोडे हात हलत होते, तेही थांबले.

सासऱ्यांना असंच व्हायचं. 'वारं गेलं' म्हणून लिंबू उतरवायचे. ह्यांनाही तरुणपणी झालं. तीन पिढ्या! पण घरात आणखी कुणाला होतं का, एवढं कुणी विचारलं नाही. शेवटी एका खासगी डॉक्टरांनी झटका चालू असतानाच रक्त काढलं. पोटॅशियम 2.1. साडेतीनच्या खाली जायला नको म्हणे.

म्हणजे रक्त झटका चालू असतानाच तपासायला हवं. झटका ओसरला की रिपोर्ट नॉर्मल येतो आणि केसपेपरवर 'काही नाही' लिहितात. गेल्या वर्षी शिबिरात एका साहेबांनी माईकवर सांगितलं, महिन्याभरात रात्रीची तपासणी सुरू. परवा दवाखान्यातला शिपाई म्हणाला, लॅब नऊला उघडेल. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात, साहेब. त्यांनीही नऊपर्यंत थांबायचं का?

हा आजार लाखात एकाला होतो म्हणतात. आमचा जिल्हा 2011 लाच 43 लाखांचा. म्हणजे चाळीसेक जण 'नाटक' करत असणार. दुर्मिळ आजारांच्या धोरणात पन्नास लाखांपर्यंत मदत आहे म्हणे, केंद्र मुंबईत केईएमला. पहाटे तीनला सिद्धेश्वर एक्स्प्रेस थांबवून बसवू का पोराला? पन्नास लाख राहू द्या, रात्री कुलूप उघडणारा एक माणूस द्या.

पण मागायचं कुणाकडे! 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसात आमचं नाव आलं, पेढे वाटले. उजनी उशाला, आणि नळाची वाट बघत घागरी रांगेत. जिथं पाणी वेळेवर येत नाही तिथं रक्ताचा रिपोर्ट कुठला?

उत्तर द्यायचं असेल तर 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे' एवढंच नको. तसली दोन माझ्याकडे आहेत.

आपली,
एक विडी कामगार, सोलापूर