भाऊ, बिलबुक मागितल्याबद्दल

भाऊ,

आमच्या कापड दुकानाची साइट बंद पडली होती, ती तुम्ही परत उभी केलीत. फोनवर आभार मानूच दिले नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

'बॅकअप रोज होतो,' असं आधीचे वेबसाइटवाले सांगायचे. फाइल रोज बनत होती हे खरं, पण एकूण एक फाइल 20 बाइटची! डेटाबेसचा पासवर्ड बदलला, त्यातला डेटा बाहेर काढणारा मायएसक्यूएलडंप तिथेच अडला आणि पुढे तो आवळून फाइल बनवणाऱ्या जीझिपने काहीच न आलेलं बांधून ठेवलं. रिकाम्याची जीझिप 20 बाइटचीच होते. पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडमधून निघालेलं पुढच्या कमांडला देताना, शेवटच्या कमांडचा निकाल धरतात, त्यामुळे रोज ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनच्या लेखी सगळं ठीक. स्क्रिप्टमध्ये मधली कमांड फसली तरी चूक दाखवणारं पाइपफेल लावलं असतं, किंवा कुणी नुसता फाइलचा आकार पाहिला असता, तरी कळलं असतं. वर त्यांचा सल्ला काय, तर सर्व्हर उडवा, नवा टाका. त्यानंतर फोन उचलणंच बंद.

तुम्ही म्हणालात, "थांबा, काहीच उडवू नका." बंद पडलेल्या डिस्कचा आहे त्या अवस्थेत स्नॅपशॉट, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेतलात, त्यावरून नवी डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरला जोडलीत, मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअरही त्याच आवृत्तीचं टाकलंत. इनोडीबी प्रकारची टेबलं रीडू लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदींवरून, आपोआप सावरली. मायआयसॅम प्रकाराला ती सोय नाही, तिथली दोन टेबलं रिपेअर करावी लागली.

साइट उघडली. कुणीही इथेच 'झालं' म्हटलं असतं. तुम्ही विचारलंत, "बिलबुक आहे का जवळ? शेवटचा नंबर वाचा बरं." रात्रीचे साडेअकरा वाजलेले. नंबर, रक्कम, किती मीटर कापड, एकेक ओळ टेबलशी ताडलीत आणि मगच साइटच्या नावाचा पत्ता सांगणारं डीएनएस नव्या सर्व्हरच्या आयपीकडे वळवलंत. आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारात हिशेब जुळल्याशिवाय गल्ला बंद होत नाही. तुम्ही सर्व्हरलाही तोच नियम लावलात, ते मनात राहिलं.

31 जानेवारी 2017 ला प्रोग्रामर लोकांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचा डेटाबेस उडाला, तेव्हा त्यांचाही डंप, म्हणजे डेटाबेसची बॅकअप फाइल, आवृत्ती न जुळल्याने निघत नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेलही पोचत नव्हते. पण त्यांनी ते जगजाहीर सांगितलं. चूक होते हो. फोन तरी उचलावा माणसाने.

आता आमचा डंप वेगळ्या खात्यातल्या बकेटमध्ये, म्हणजे ऑनलाइन साठ्यात, जातो, आणि तिथलं काही पुसायची परवानगी सर्व्हरला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोर करून बिलबुक उघडायचं ठरलंय. या रविवारी या भाऊ, तर्री-पोहे खाऊ. नंबर मी वाचतो.