हे कॉल सेंटर नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला आपत्कालीन कॉल डिस्पॅचरच्या, म्हणजे आणीबाणीचा फोन घेऊन मदत पाठवणाऱ्याच्या, नोकरीवरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल मनापासून आभार, कारण या कामाबद्दल एरवी कोणी चार ओळीही छापत नाही. पण तो लेख 'कॉल सेंटरमधील संधी' या मथळ्याखाली, विमा विक्री आणि क्रेडिट कार्डाच्या ग्राहक सेवेच्या शेजारी का टाकलात? आणि कमी वेळात जास्त कॉल उरकण्याची क्षमता हा पहिला गुण कोणाला विचारून लिहिलात? रात्री उशिरापर्यंत हाच विचार डोक्यात होता, म्हणून सकाळी लिहायला बसले.

माझी मुलगी हेच काम करते. एका खासगी रुग्णवाहिका सेवेच्या कंट्रोल रूममध्ये. कोणत्या ते लिहीत नाही, तिची नोकरी आहे. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला तिला एक फोन आला. घरातले वडील कोसळले होते, श्वास जाणवत नव्हता, आणि फोनवरचा मुलगा नुसता ओरडत होता. तिने आधी पत्ता घेतला, गाडी सोडायला लावली आणि फोन तसाच चालू ठेवला. फोन स्पीकरवर टाका, त्यांना जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवा, आता माझ्याबरोबर दाबा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छाती सुमारे 5 सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोराने. मुलगा थांबला की ही पुन्हा मोठ्याने आकडे म्हणायची. गाडीतली माणसं घरात शिरेपर्यंत तिने फोन सोडला नाही. हृदय बंद पडलं की पहिल्या काही मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते आणि पुण्याच्या रहदारीत गाडी तेवढ्या वेळात पोहोचेलच असं नाही. तोवर त्या घरात मदत म्हणजे फोनवरचा हा आवाजच.

त्या महिन्याच्या आढाव्यात तिची 'सरासरी कॉल वेळ' वाढलेली दिसली आणि तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो कागद मी स्वतः वाचला आहे. तिने वाद घातला नाही, चार ओळींत उत्तर लिहून दिलं. मला मात्र त्याचा संताप अजून आहे. ज्या मोजपट्टीने तिला गुन्हेगार ठरवलं, तीच तुम्ही हजारो मुलामुलींपुढे गुण म्हणून ठेवलीत. ते गृहस्थ वाचले की नाही, हे तिला आजही माहीत नाही. फोन बंद झाला की पुढची घंटा वाजते. या मनाच्या ओझ्याबद्दल तुमच्या लेखात एक वाक्य नाही.

पत्त्यांबद्दलही नाही. पुण्यात घाबरलेला माणूस घर क्रमांक सांगत नाही, जवळचं मारुतीचं देऊळ सांगतो. जिलब्या, पत्र्या, भिकारदास, त्यातला कोणता आणि कुठे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक हवं. कोणी 'लकडी पूल' म्हणतो, नकाशात 'संभाजी पूल' असतो. कोणी नुसतं 'डेक्कन' म्हणतो. डेक्कन जिमखाना आणि डेक्कन कॉलेज यांच्यामध्ये अख्खं शहर आहे, एक डेक्कन लकडी पुलापलीकडे तर दुसरं पार येरवड्याकडे. माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी पेठा पायी फिरून हे शिकली, कारण प्रशिक्षणात संगणकाची खिडकी कशी उघडायची एवढंच होतं. 112 या सरकारी आपत्कालीन क्रमांकावर फिरवलेला पुण्याचा फोन आधी नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि मग इथल्या नियंत्रण कक्षाकडे येतो. तिकडे बसलेल्या माणसाला आपल्या गल्ल्या कशा कळणार? म्हणून प्रश्न विचारण्याचं कसब लागतं: समोर कोणती दुकानाची पाटी दिसते, शेवटचा चौक कोणता ओलांडलात. हे शिकवायला वेळ आणि पैसा लागतो.

108 ची सरकारी रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 पासून आहे, तिचं केंद्र आपल्या औंधला. म्हणजे पुण्यात हे काम काही नवं नाही. तरी दहा-बारा वर्षांनंतर बारावी झालेल्या मुलाने कुठे शिकायचं, कोणती परीक्षा द्यायची, पाच वर्षांनी कुठल्या पदावर असायचं, हे तुमच्या लेखातही सापडलं नाही. मुलीचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. याला करिअर म्हणायचं असेल तर शिडी कुठे आहे तेही छापा.

अमेरिकेतल्या 911 या आपत्कालीन क्रमांकाच्या सेवेचं कौतुक लेखात भरपूर आहे. तिथे ठरलेल्या प्रश्नावल्या आहेत, प्रमाणपत्रं आहेत, हे खरंच घेण्यासारखं. पण तिथल्या सरकारी व्यवसाय-यादीतही ही माणसं कार्यालयीन कारकुनांच्या गटात आहेत. 2018 साली यादी सुधारली तेव्हाही ती तिथेच राहिली, आणि पोलीस-अग्निशामकांच्या गटात आम्हाला घ्या म्हणून ते लोक भांडत आहेत. ही बाजू का गाळलीत?

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात आतल्या पानावर रोज 'महत्त्वाचे दूरध्वनी' अशी चौकट असायची. आमच्या घरी ती कापून फोनशेजारी लावलेली होती. ती बंद करून तिथे राशिभविष्य मोठं केलंत. ती चौकट पुन्हा सुरू करा, अक्षर जरा ठळक ठेवा, आणि पुढच्या पुरवणीत रात्रपाळी केलेल्या एखाद्या डिस्पॅचरलाच लिहायला सांगा.

— एक आई, कसबा पेठ, पुणे
(मुलीच्या नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)